कंठीवाल्या कोंबड्या

आमच्या अल्काचं लग्न झालं ते १९९९ साल. पत्रिका एप्रिलात छापून आल्या, त्यांच्यावर जिल्हा भंडारा असं होतं. लग्न लागलं मे महिन्यात, आणि तोवर गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता. वराकडच्या एका म्हाताऱ्यानं मांडवात पत्रिका उलटीसुलटी करून विचारलं, "पोरगी कोणत्या जिल्ह्यातली म्हणाची मंग?" अल्काचे बाबा, खेमराज, म्हणाले, "निघाली भंडाऱ्यातून, पोचली गोंदियात. मधात कोठंच थांबली नाही." सगळा मांडव हसला.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मनिरामजींनी कंठी घेतली, आणि त्यांच्या घरच्या नऊ कोंबड्या माझ्या खुराड्यात आल्या.

आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या आणि त्यांच्यापलीकडे रेल्वेची लाइन. मनिरामजींचं घर आणि आमचं घर यांच्या मागच्या वाड्या एकमेकींना लागून होत्या. मधात बेशरमचं कुंपण. बेशरम म्हणजे ते जांभळ्या फुलाचं झुडूप, कुठंही खोचलं की लागतं आणि गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्या कुंपणाला एका जागी वाकून जाण्याएवढी फट होती. ती कोणी पाडली नव्हती. मी आणि सुमित्राबाई, मनिरामजींची बायको, जाऊन-येऊन ती पडली होती.

मनिरामजींना त्या वर्षी कावीळ झाली होती. मरता मरता वाचले. डोंगरगडकडच्या त्यांच्या साडभावानं त्यांना आपल्या गुरूकडे नेलं, आणि परत आले तेव्हा गळ्यात तुळशीचा मणी होता. मांस, मासळी, अंडं, दारू, सगळं बंद. आधी हा माणूस गावात कुठंही कोंबडी शिजली की टंगडी माझी म्हणून आधीच सांगून ठेवणारा. सुमित्राबाईनं कंठी घेतली नाही. मला म्हणाल्या, "गळा त्याचा, कंठी त्याची. माह्या गळ्याले कोणी विचारलंच नाही."

पण कोंबड्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. मनिरामजी एका सकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि अल्काच्या बाबांना म्हणाले, "खेमराज, घरात ठेवता येत नाही. बाजारात नेल्या तर तिथं कापते. कापणारा दुसरा, पण नेणारा तं मीच ना."

"मंग आमाले देऊन राहिले का? आमी का त्याइची आरती करू?"

"अंडे खा. पिल्लं निघतील ते तुमचे. पण ह्या नऊ कापू नोका."

"म्हाताऱ्या होऊन मरतील जी."

"मरू दे ना बापा. म्हातारं होऊन मराले कोणाची मनाई आहे?"

अल्काचे बाबा हसले. मी हसले नाही, कारण सुमित्राबाई मागे उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. त्या फटीतून आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सुमन, तू सांग. तुह्या मालकाचं मले काही खरं वाटत नाही." मी म्हटलं, "नाही कापत. माह्या जबानीवर ठेवा."

आमच्याकडे नवी कोंबडी आणली की तिला तीन दिवस डालग्याखाली झाकतात आणि सोडताना चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे तिला घर कळतं. सुमित्राबाईनं नऊ कोंबड्या एकेक करून काखेत धरल्या आणि माझ्या चुलीभोवती सत्तावीस फेरे घातले. शेवटी त्याच गरगरून खाली बसल्या. कोंबड्यांना काही कळलं नाही. संध्याकाळ झाली की साऱ्या कुंपणावरून उडून मनिरामजींच्या बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, झाडावर जाऊन बसत. मनिरामजी झाडाखाली उभे राहून हाक मारत, "सुमनबाई, तुमचे पाहुणे आले." पंधरा दिवस हे चाललं. मग त्यांनी बिहीच्या खालच्या फांद्या छाटल्या, तेव्हा कोंबड्या माझ्या झाल्या.

माझ्या स्वतःच्या सात होत्या. आता सोळांत कोणती कापायची आणि कोणती नाही हे कळायला पाहिजे. सुमित्राबाईनं जुन्या पिवळ्या लुगड्याचा काठ फाडून पट्ट्या केल्या आणि आपल्या नऊ कोंबड्यांच्या डाव्या पायात बांधल्या. गावच्या बाया त्यांना कंठीवाल्या म्हणू लागल्या. "सुमन, कंठीवाल्या माह्या धानावर आल्या वं, हाकल." असं.

पहिली कंठीवाली खुडूक झाली तेव्हा आमचं भांडणच व्हायचं होतं. तिच्याखाली मी माझ्या कोंबड्यांची अकरा अंडी ठेवली. टोपलीत तणस, तणसाखाली कोळशाचा तुकडा, म्हणजे आभाळ गरजलं तरी अंडी गदळून नासत नाहीत. नऊ पिल्लं निघाली. सुमित्राबाई पट्ट्या घेऊन हजर.

"ह्याइले कायले पट्टी?" मी म्हटलं. "अंडे माहे होते."

"उबवलं तं माह्या काळीनं. आई कंठीवाली, तं लेकरं कंठीवाले."

"तुमच्या घरी जात आईकडून कवापासून धराले लागले, बाई?"

त्या एवढ्या हसल्या की हातातल्या पट्ट्या चुलीत पडल्या. तो प्रश्न तिथंच मिटला. पिल्लं माझी.

ती वर्षं मला फार आठवतात. सकाळी धान कांडताना तुटलेल्या तांदळाची कनकी सुपात घेऊन मी दाराशी उभी राहिले की सोळाच्या सोळा पळत येत, आणि कुंपणाच्या फटीतून सुमित्राबाई. वाडीत मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं, कुंदरूच्या वेलाचा मांडव होता, आळ्यात कोचईचं अळू होतं आणि काट्यांनी झाकलेली वांग्याची रोपं. झाकली नाहीत तर कोंबड्या एका दुपारात वाफा उकरून त्यात अंघोळ करत. मुनग्याखाली तीन दगडांची चूल होती. धानाचं काम नसलं की आम्ही दोघी तिथं बसून शेंगा सोलायचो, आणि मी दोन अंडी उकडायचे. सुमित्राबाई अंडं सोलून मीठ लावून हळूहळू खायच्या. आमच्या घरी कोंबडी शिजली तर एक वाटी त्यांच्यासाठी गुपचूप मुनग्याखाली जायची. त्यांचा एकच नियम होता. म्हणायच्या, "परायाची चालते. बाजारातली चालते, तुह्या सातातली चालते. पण जिनं माह्या हातची कनकी खाल्ली, तिले मी नाही खाऊ शकत. कंठी नसली तरी तेवढं मलेही कळते."

मनिरामजीसुद्धा फार बदलले नव्हते. शेतावरून येताना वारुळाचं ढेकूळ घेऊन यायचे आणि कुंपणावरून पिल्लांपुढे टाकायचे. पिल्लं त्यातली वाळवी टिपायला लागली की बघत उभे राहायचे. एकदा सुमित्राबाईनं विचारलं, "अन् वाळवीत जीव नाही का जी?" त्यांनी बराच विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ढेकूळ फटीच्या पलीकडे, स्वतःच्या वाडीत ठेवू लागले. पिल्लं तिथं जाऊन खायची. म्हणायचे, "आता मी नाही खाऊ घातली. ते आले."

आणि रोज सकाळी ते आमच्याकडे चहा प्यायचे. हे सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. त्यांच्या बापानं आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. आम्ही बौद्ध, ते शेतीवाडीवाल्या जातीचे. मनिरामजी अल्काच्या लग्नात पंगतीत बसून जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून आले, खाटेवर बसले आणि चहा मागितला. त्यानंतर रोज. आम्ही पितो त्याच कपात. साखर इतकी, की चमचा उभा राहावा. दिवसातून पाच-सहा वेळा तरी चहा लागायचा त्यांना, त्यातला पहिला आमचा. अल्काचे बाबा त्यांच्यासाठी थांबून राहायचे. ते आल्याशिवाय स्वतः चहाला हात लावायचे नाहीत.

२००२ साली, धान निसवून लोंब्या आल्या होत्या त्या दिवसांत, अल्का पहिल्या बाळंतपणानंतर आमच्याकडेच होती. जावई बुद्धभूषण तिरोड्याहून तिला न्यायला येणार होते, पण कधी ते ठरलं नव्हतं. एका दुपारी सुमित्राबाई भुरीला काखेत घेऊन आल्या. भुरी ही त्यांची सगळ्यांत लाडकी. राखेच्या रंगाची, मानेवर पिसं नसलेली, धीट. पाळण्यातल्या लेकरावर बसून येईल एवढी धीट. त्या म्हणाल्या, "सुमन, इची पट्टी काढली बरं. पाय सुजला होता, आत रुतली होती. हळद लावली. दोन दिवसानं बांधतो. ध्यान ठेवशील."

"ठेवतो," मी म्हटलं.

तासाभरात जावई दारात. गाडीनं आले, सोबत त्यांचे काका. घरात गडबड झाली. पाणी, चहा, अल्काच्या बाळाचं आवरणं, तांदूळ निवडणं. कोंबडी दिवसा हाती लागत नाही, म्हणून दिवेलागणीला ती खुराड्यात शिरली की पकडायची. अल्काचे बाबा हात आत घालून पाय चाचपत आणि पट्टी लागली नाही ती काढत. त्या दिवशीही तसंच केलं. वाडीच्या टोकाला नेऊन अंधारातच कापली, पिसं काढली, जाळावर धरली आणि तुकडे करून मला आणून दिले. मी वाटण वाटत होते. दुपारचं ते बोलणं माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

सुमित्राबाई जावयाला भेटायला आल्या. बाळाला घेतलं, जावयाची थट्टा केली आणि मग मुनग्याखाली जाऊन बसल्या. मी वाटी नेऊन दिली.

"आज हात चांगला लागला तुहा," त्या म्हणाल्या.

"जवाई आला की लागतेच."

"मंग रोज बोलाव त्याले. आन अजून थोडा रस्सा. दोन तुकडे पण आन."

मी आणून दिले.

सकाळी खुराडं उघडलं. पट्टीवाल्या आठ निघाल्या. भुरी कुठं म्हणून मी वाकून आत पाहिलं, आणि तेव्हा मला ते आठवलं. वाडीच्या टोकाला राखेच्या ढिगाजवळ गेले. कुत्र्यानं ओढून आणलेला एक पाय तिथं पडला होता. त्याला हळद लागलेली होती.

अल्काच्या बाबांना मी बाजूला नेऊन सांगितलं. ते म्हणाले, "म्या पाय पाहिला ना. डावाही पाहिला, उजवाही पाहिला."

"तुमचं चुकलं नाही. मले सांगून गेली होती. मी तुमाले सांगाले विसरली."

जावई आत चहा पीत होते. आम्ही दोघांनी मिळून तो पाय पुरला. तेवढ्यात फटीतून सुमित्राबाई आल्या, हातात नवी पट्टी घेऊन. "भुरी कोठं आहे वं? निघाली नाही का?"

कापली, एवढं सांगणं मला जमलं असतं. त्या रडल्या असत्या, मला बोलल्या असत्या. पण कापली म्हटलं की तुम्हीच खाल्ली हेही म्हणावं लागत होतं. ते माझ्या तोंडातून निघेना.

"मुंगसानं नेली वाटते," मी म्हटलं.

सुमित्राबाई माझ्याकडे पाहत नव्हत्याच. त्या कुंपणाकडे पाहत होत्या. दोन दिवसांआधी मनिरामजींनी बेशरमचं अर्धं कुंपण तोडून काढलं होतं. त्यांना तिथं खळं करायचं होतं. एवढी मोठी उघडी जागा पडली होती.

"ह्या माणसानं," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं, पलीकडे ऐकू जाईल असं, "कोंबडीले लपाची जागा ठेवली नाही. कंठी घालते अन् जीव मारते."

मी खुराडं झाडायला लागले. बोलायचं होतं तर तेव्हा होतं.

त्यानंतर सुमित्राबाईचं तेच. भाजीत मीठ कमी पडलं असं मनिरामजी म्हणाले की, "भुरीपेक्षा का मीठ मोठं आहे?" ते खळ्यावर जायला निघाले की, "जा. आजून काही तोडाचं राहिलं असंल तं तोडून या." मला वाटायचं, नवरा-बायकोचं आहे, आठ दिवसांत विरेल. विरेल विरेल म्हणता दिवाळी आली.

आणि मनिरामजींनी आमच्याकडचा चहा बंद केला.

यायचे, बसायचे, धानाचं बोलायचे. मी कप पुढे केला की हात आडवा. "नोको, सुमनबाई." पहिल्या दिवशी वाटलं, पोट बिघडलं असेल. आठव्या दिवशी अल्काच्या बाबांनी त्यांची वाट बघणं सोडलं. मला म्हणाले, "कंठी जुनी झाली आता. बापासारखा झाला तो." मी म्हटलं, "असं काही नसंल." ते म्हणाले, "मंग कसं आहे? तूच सांग." त्या वर्षी मनिरामजींच्या मळणीला अल्काचे बाबा गेले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा. मग मनिरामजींचं येणंही कमी झालं. फटीतून बाया जात-येत होत्या, पण पुरुष पुढच्या रस्त्यानंही एकमेकांना टाळत होते.

अशी दीड-पावणेदोन वर्षं गेली.

२००४ च्या उन्हाळ्यात आमचा विवेक बारावी पास झाला. आमच्या घरातला पहिला. अल्काच्या बाबांनी सालेकशाहून पेढे आणले, शेजारपाजार बोलावला. मनिरामजी आणि सुमित्राबाईही आले. मनिरामजींनी विवेकच्या पाठीवर हात ठेवला, पेढा खाल्ला. मी चहाचं ताट घेऊन आले. त्यांनी हात आडवा केला.

अल्काच्या बाबांच्या मनात साचलं होतं ते त्या दिवशी चार लोकांत निघालं. "ठेव, सुमन. त्याइले आमच्या घरचा चहा चालत नाही आता."

मनिरामजींनी मान वर केली. "काय म्हटलं, खेमराज?"

"खरं तेच म्हटलं. पोराच्या पासाचाही नाही चालत."

"मी माह्या घरचाही पेऊन दोन वर्ष होऊन राहिले," मनिरामजी म्हणाले. "विचार इले. सोयऱ्याच्या घरी नाही पेलो, सालेकशाच्या हाटेलात नाही पेलो. तुले असं वाटलं का, का तुह्याच घरचा सोडला?"

"काऊन सोडला मंग?"

त्यांना सांगायचं नव्हतं. सुमित्राबाई खाली पाहत होत्या; घरातलं हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ते कुंपण म्या तोडलं. कोंबडीले लपाची जागा राहिली नाही. गुरूनं सांगितलं आहे, हातानं मारलं तरी तेच अन् कारण झालं तरी तेच. एका जिवाले कारण झालो. मंग आपल्या जिवाले जे सगळ्यात गोड लागते ते सोडावं म्हटलं. मले चहाच गोड लागते."

कोणीतरी हसलं. एका कोंबडीसाठी चहा सोडला म्हणून. अल्काच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ताट माझ्या हातात तसंच होतं.

लोक गेल्यावर ते म्हणाले, "मी जातो अन् सांगतो त्याले. कापली म्या."

"मंग विचारतील, कापली तं मुंगूस काऊन म्हटलं. काय सांगाल?"

ते पायात घातलेली चप्पल काढून खाटेवर बसले.

"शिजलेली कोणी खाल्ली ते निघंल," मी म्हटलं. "ती चार-पाच वर्षांपासून आपल्या वाडीत बसून खाते, हे त्याइले मालूम नाही. नवऱ्याची सुटका कराची तं बायकोले पकडून द्याव लागते."

"अन् नाही सांगितलं तं तो मरेपर्यंत बिनचहाचा राहते. तुह्या मुंगसापाई."

दुसऱ्या दिवशी मी आधी सुमित्राबाईलाच सांगायचं ठरवलं. नवऱ्याला सांगायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. त्या मुनग्याखाली बसल्या होत्या, सुपातले खडे काढत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांचा हात सुपात थांबला. "कवा? जवाई आला होता तवा?"

"हो."

"म्या खाल्लं ते?"

"हो."

"दोनदा घेतलं होतं म्या."

त्यांनी सूप खाली ठेवलं, कनकी सांडणार नाही असं नीट ठेवलं, आणि फटीतून निघून गेल्या.

त्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. कोंबड्या सकाळी फटीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. सुमित्राबाई विहिरीवर दिसल्या तर घागर उचलून चालू लागायच्या. मी रोज मुनग्याखालचं झाडून ठेवत होते. मृगाचा पाऊस पडून धानाच्या रोपांचे परे टाकायची वेळ आली, तरी नाही.

मग एका सकाळी पुढच्या दारातून मनिरामजी आले. खाटेवर बसले. अल्काचे बाबा आत नांगराचं काही करत होते, ते बाहेर आले आणि उभे राहिले.

"सुमनबाई," मनिरामजी म्हणाले, "चहा ठेव."

मी आत गेले. चुलीवर पातेलं ठेवलं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"सुमित्रानं सांगितलं रात्री. सगळंच सांगितलं. तुमच्या मुनग्याखालचंही."

"चूक आमची आहे जी," अल्काचे बाबा म्हणाले.

"तिले वाटलं, मले हे नवीनच आहे. मी म्हटलं, बाई, म्या कंठी घेतली, नाक नाही कापलं. तुमच्या घरी कोंबडी शिजली अन् ही कायसाठी वाडीत आली, एवढं मले कळत नाही का? पण मी इचारलं नाही. तिचा गळा तिचा आहे."

मी चहा घेऊन बाहेर आले. साखर तेवढीच टाकली होती. त्यांनी कप घेतला, पण लगेच प्याले नाहीत.

"दोन वर्ष डोकं दुखलं माहं, सुमनबाई. उठलो का दुखे. एकदाही नाही वाटलं तुले, का सांगून टाकावं?"

"म्या मुंगूस म्हटलं जी. तुमी मधात याल हे मालूम नव्हतं. कालपरवा कळलं."

"मी नाही आलो मधात. माह्या बायकोनं आणलं मले." मग त्यांनी फुंकर मारली आणि प्याले. अर्धा कप झाल्यावर अल्काच्या बाबांकडे पाहून म्हणाले, "बस ना बापा. उभा राहून काय पाहून राहिला?" ते बसले. मी त्यांचाही कप आणला.

सुमित्राबाई त्यानंतर आठ दिवसांनी आल्या. हातात विळा होता. खुराड्यापाशी बसून उरलेल्या सहा कंठीवाल्या एकेक धरल्या आणि त्यांच्या पायातल्या पट्ट्या विळ्यानं कापून टाकल्या. मी म्हटलं, "बाई, काऊन?"

"पट्टी कायले पाहिजे? पट्टीनं का वाचली?"

मग त्या बसल्या. मी अंडी उकडली. एक त्यांनी खाल्लं. नंतर रोज येऊ लागल्या, पण आधीसारखं लगेच झालं नाही. मी वाटी नेली तर म्हणायच्या, "नोको. मले आता सगळ्या भुरीच दिसते." मी दोन-तीनदा नेली, मग नेणं सोडलं. आम्हीही खुराड्यातली कापणं बंद केलं. पाहुणा आला तर अल्काचे बाबा बाजारातून आणायचे. त्यामुळे आमच्या वाडीत म्हाताऱ्या कोंबड्या फार झाल्या. अंडी कमी, उकरणं जास्त. गावातल्या बाया म्हणायच्या, सुमननं कोंबड्यांचा दवाखाना काढला.

बर्ड फ्लूची बातमी आली त्या वर्षी लोकांनी भीतीनं कोंबड्या पुरल्या. मनिरामजी आमच्या वाडीत येऊन खुराड्यापाशी बसले आणि म्हणाले, "ह्या मरतील तं आपल्या मरणानं मरतील." कोणी मेली नाही. शेवटची कंठीवाली, काळी, २००८ च्या पावसाळ्यात मुनग्याखाली मेली, वयानंच.

पुढे सुमित्राबाईचा मुलगा गजेंद्र यानं बेशरम काढून विटांची भिंत घातली. मी आणि सुमित्राबाई पुढच्या दारानं जाऊ-येऊ लागलो. लांब पडायचं, पण गुडघे दोघींचेही गेले होते, तसंही वाकून फटीतून जमलं नसतं.

२०१२ च्या शेवटी, मनिरामजी जाऊन तीन वर्षं झाल्यावर, सुमित्राबाईला दम्यानं धरलं. गोंदियाच्या दवाखान्यात पंधरा दिवस होत्या. घरी आणलं तेव्हा अंगात काही राहिलं नव्हतं. डॉक्टरनं ताकदीसाठी कोंबडीचा रस्सा सांगितला होता. सुनेनं केला तर त्यांनी तोंड फिरवलं. मग सून माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, आई म्हणते, सुमनच्या हातचा असंल तं पेतो."

दहा वर्षांआधी जो विश्वास मी मोडला तो परत मागता येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी आपणहून निरोप पाठवला होता. मी स्वतः टेम्पोत बसून सालेकशाला गेले, बाजारातून कोंबडी घेतली, तिथंच कापून घेतली आणि घरी येऊन शिजवली. वाटीत गाळून नेली. त्यांना उशीला टेकवून बसवलं.

त्यांनी वाटीत पाहिलं. "कोणती होय?"

"बाजारातली. लाल होती. मीच आणली."

त्या माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मीही पाहत राहिले. मग त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि प्यायला सुरुवात केली. मधात थांबून म्हणाल्या, "हात आहे तसाच आहे तुहा." सगळं प्याल्या. त्यानंतर मी रोज न्यायचे, आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मनिरामजी २००९ साली, पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी वारले. सुमित्राबाई ९ फेब्रुवारी २०१३ ला, शनिवारी सकाळी, आपल्या घरी वारल्या. अल्काचे बाबा २०१५ च्या डिसेंबरात गेले.